हरिचंद्र मिस्त्री आणि बाराची पाती

चिंतामणराव टिपणीस आणि हरिचंद्र भोपी यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही. पाहणार कसं? सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस, शनिवार, दुपारी दोनची वेळ, आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, हरिचंद्रच्या गॅरेजासमोर, एकाएकी खग्रास ग्रहण लागलं. निळा-काळा धूर गल्लीच्या तोंडातून आत शिरला. त्या धुराच्या पोटात कुणीतरी पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवतंय असा आवाज येत होता. बायकांनी खाटांवर वाळत घातलेले पापड धावत येऊन उचलले. समोरच्या टेकचंद स्पेअरवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. कोपऱ्यावरचे एक आजोबा, जे सहा वर्षं बाजेवरून हलले नव्हते, ते उठून स्वतःच्या पायांनी घरात गेले आणि आतून कडी घातली.

मग धुरातून एक जुनी डिझेल व्हॅन बाहेर आली. तिच्या मागे तेलाची रेघ होती. ही रेघ बदलापुरातल्या टिपणिसांच्या फाटकापासून अंबरनाथमार्गे कॅम्प चारपर्यंत इतकी सलग उमटली होती, की पुढे दोन महिने बदलापूरचे पाहुणे कॅम्प चारला येताना पत्ता विचारत नसत, रेघ धरून चालत येत.

हरिचंद्र तोवर डिझेलच्या रिकाम्या पिंपामागे जाऊन बसला होता.

"मिस्त्री आहेत का?" धुरातून खणखणीत आवाज आला.

"नाहीत," पिंप म्हणालं.

"कधी येतील?"

"तुमची गाडी गेल्यावर."

"अहो, पण गाडी आता जायची नाही! बंद पडली ती!" आवाज आनंदाने म्हणाला, जणू ही मोठी सोयीची गोष्ट झाली.

चिंतामणराव टिपणीस म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात चोवीस वर्षं शिफ्टचे अधिकारी राहून, बावन्नाव्या वर्षी स्वखुशीने घरी बसलेले गृहस्थ. घरी बसले, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी त्यांना भाजी चिरण्यावरून चार गोष्टी ऐकवल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी ही व्हॅन विकत आणली. बदलापूरच्या पोरांना अंबरनाथच्या शाळेत न्यायचं आणि आणायचं. बैठक आठ जणांची, पोरं चौदा. पंधरावी त्यांची चार वर्षांची नात उमा. तिला जागाच नव्हती, म्हणून ती पुढच्या दोन सीटांच्या मधे, इंजिनावरच्या झाकणावर बसे. झाकण उबदार असतं म्हणून ती जागा ती कुणाला देत नसे. एकदा तर झोप लागून तिथेच आडवी झाली होती. चिंतामणरावांना या सगळ्यात भिण्यासारखं काही आढळलं नव्हतं. त्यांना कशातच काही आढळत नसे.

आणि हरिचंद्रला सगळ्यात आढळे.

त्याच्या भित्रेपणाच्या गोष्टी कॅम्प चार आणि कॅम्प पाचमध्ये मिळून सांगितल्या जात, एका कॅम्पात मावत नसत म्हणून. तो पालीला भिई हे ठीक, पण मेलेल्या पालीला जास्त भिई, कारण ती कशाने मेली हे कळलेलं नसे. घरात कुकर आला तेव्हा तिसरी शिटी होईपर्यंत तो अंगणात उभा राही, आणि त्याच्या बायकोने, पुतळाबाईने, गॅस बंद केल्याचं दोनदा ओरडून सांगितल्यावर आत येई. गाडी जॅकवर चढवली की जॅकखाली फळी, जॅकशेजारी दगड, दगडाशेजारी दुसरा जॅक, आणि एवढं करून तो खाली शिरायचा ते डोकं बाहेर ठेवून. टेकचंद म्हणे, "हरी, तू गाडी दुरुस्त करतोस की तिची मय्यत उठवतोस, साईं?"

पण गंमत अशी, की याच भीतीमुळे लोक त्याच्याकडे लांबून गाड्या घेऊन येत. दुसरे मिस्त्री डोळ्यांनी बघून "चालेल" म्हणत. हरिचंद्रच्या तोंडात तो शब्दच नव्हता. तो मोजे. एकदा मोजून भीती जात नसे म्हणून दुसऱ्यांदा मोजे, आणि दोन मापं जुळली की ती जुळलीच कशी, या भीतीने तिसऱ्यांदा.

ही भीती त्याला आईच्या पोटातून आलेली नव्हती. त्याचं गाव अंबरनाथच्या खालच्या अंगाला. वडील शेती करीत, त्याआधीचे मिठागरावर होते, आणि त्या घराण्यात कुणी मायक्रोमीटर पाहिला नव्हता. एमआयडीसी आली, जमीन गेली, हरिचंद्र कारखान्यात फिटर झाला. तिथे एकदा ॲसिडच्या पंपाचं गळती अडवणारं सील बदलताना त्याच्या फिरत्या दांड्यावर, शाफ्टवर, जुन्या सीलने घासून पाडलेली खाच त्याच्या नखाला लागली होती. तो साहेबाला म्हणाला, मोजून घेऊ का? साहेब हसले. म्हणाले, अरे, काय सोनं जोखायचंय का, बसव. त्याने बसवलं. तिसऱ्या दिवशी सील फाटलं, आणि पंपाजवळ उभा असलेला त्याच्या गावचा सोमा मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. सोमा वाचला. तक्रारही केली नाही त्याने. अजून दिवाळीला घरी येई, भाजलेल्या हाताने करंजी उचले आणि म्हणे, "काय हरी, बरा हायस ना?" त्या करंजीकडे हरिचंद्रला बघवत नसे. त्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि कॅम्प चारमध्ये गॅरेज टाकलं. गाडीचं तेल तरी माणसाला भाजत नाही, असा त्याचा हिशेब होता.

तर पिंपामागून बाहेर येऊन हरिचंद्रने व्हॅनच्या पोटाखाली डोकावून पाहिलं.

"मागचं सील गेलंय साहेब. इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधलं. तेल सगळं क्लचवर उडतंय."

"मग बदलून टाका! रबराची रिंग ती! सोमवारी सकाळी सात वाजता पोरं उभी असतात."

"बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायला लागेल. आणि नुसतं बदलून नाय होत. शाफ्ट बघायला लागेल. मोजायला लागेल."

"मोजा की! मोजायला कोण नको म्हणतंय? हरिभाऊ, तुमचा चेहरा असा काय झालाय? गाडी माझी गळतेय, तुम्ही का गळताय?" असं म्हणून चिंतामणरावांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की हरिचंद्रच्या हातातला पाना खाली पडला.

"या गाडीत पोरं बसतात?" त्याने पाना उचलत विचारलं.

"चौदा. आणि माझी उमा, या इथे!" त्यांनी इंजिनाचं झाकण वाजवून दाखवलं.

हरिचंद्रला त्या झाकणावर हात ठेवायचीही भीती वाटली.

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार तो त्या गाडीखाली होता. पान्यांच्या फळीवर झेंडूची माळ अजून लटकत होती, अर्धी वाळलेली, आणि गाडी ठोकताना तिच्या पाकळ्या त्याच्या डोळ्यांत पडत. गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला, मागचं जड चाक निघालं, आणि आत तो शाफ्ट दिसला. जुन्या सीलच्या ओठाने त्यावर गोल खाच पाडली होती. हरिचंद्रने डोळे मिटून त्यावर नख फिरवलं. नख अडकलं. त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे करंजी उचलणारा हात आला आणि तो गाडीखालून बाहेर येऊन दोन तांबे पाणी प्यायला.

खाचेवर इलाज होता. नवं सील पूर्ण आत न ठोकता अर्धं सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, बाहेर ठेवायचं, म्हणजे त्याचा ओठ खाच सोडून कोऱ्या लोखंडावर बसतो. ते त्याने केलं. शाफ्टची जाडी मायक्रोमीटरने मोजली, तीन ठिकाणी, तीनदा. ठीक होती. सील टेकचंदकडून आणलं ते चार नग पाहून.

"अरे, सील तो सील है, हरी! पोरगी पसंत करतोयस काय?" टेकचंद म्हणाला.

"पोरगी असती तर एवढी भीती नसती वाटली," हरिचंद्र म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

आता शेवटचं माप राहिलं होतं. सगळ्यात भीतीचं. शाफ्ट आपल्या जागी मागेपुढे किती सरकतो, ते. थोडा सरकायलाच हवा, नाहीतर गरम होऊन अडकेल. पण फार सरकत असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे अर्धचंद्रासारखे पातळ वॉशर झिजले असं समजायचं. ते फार झिजले तर एखादे दिवशी जागेवरून निसटतात. मग शाफ्ट वाटेल तिकडे जातो, नवं सील फाटतं, इंजिन जाम होतं, आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. आणि बदलापूरच्या वाटेवर रेल्वेचं फाटक होतं. चढ चढून रूळ ओलांडायचे. गाडी कुठे उभी राहील, याचं उत्तर हरिचंद्रच्या मनाने शनिवारीच देऊन टाकलं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं बारा थाऊपर्यंत चालेल. इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक थाऊ. हे मोजायला फीलर गेज असतं. पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा, प्रत्येक पातीवर तिच्या जाडीचा आकडा. जी पाती फटीत जाते पण पुढची जात नाही, ती फटीची जाडी.

हरिचंद्रने पहार लावून शाफ्ट पुढे रेटला आणि दहाची पाती घातली. गेली. घट्ट, पण गेली. बाराची घातली. अडली. पुन्हा घातली. अडली. पातीला चिंधीने पुसून पुन्हा घातली. अडली.

म्हणजे बाराच्या आत. म्हणजे वॉशर शाबूत. गाडीखाली आडवं पडून त्याने हात जोडले.

रविवारी दिवेलागणीला चिंतामणराव आले, गाडी सुरू केली, खाली वाकून पाहिलं. एक थेंब नाही. त्यांनी हरिचंद्रला मिठी मारली, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता, आणि हॉर्न वाजवत बदलापूरला गेले. त्या रात्री हरिचंद्र जेवला आणि झोपला. पुतळाबाईने शेजारणीला सांगितलं, "आज घोरले. बरं नसंल वाटत."

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास त्याने हत्यारं आवरायला काढली. फीलर गेज उघडून पात्यांवर रॉकेल टाकलं, चोळलं, आणि पाहतो तर अंगठा लालभडक.

रक्त! पाती लागली! तो मटकन बाकड्यावर बसला. रक्ताला तो भीत होताच. अंगठा उलटासुलटा करून पाहिला. जखम नव्हती. दुखत नव्हतं. लाल होतं, आणि लालाच्या कडेला पिवळं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं, आणि जखम असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याने सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. दरवर्षी मांडे. पाने, हातोडे, पकडी, आणि त्यांच्यासमोर नारळ. फीलर गेज मिटून ठेवलेलं होतं. पुतळाबाई हळदकुंकू लावत तिथवर आली तेव्हा हरिचंद्रच म्हणाला होता, थांब. मिटलेलं ठेवलं तर वरच्या पातीलाच कुंकू लागेल. बाकीच्या पात्या राहतील. उद्या कुठली पाती रुसेल सांगता येत नाही. म्हणून त्याने गेज मोराच्या पिसाऱ्यासारखं उघडून ठेवलं, आणि पुतळाबाईने तेलात कालवलेलं हळदकुंकू एकेका पातीच्या टोकाला भक्तिभावाने लावलं. पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही, ते आपोआप गेलं पाहिजे, असा घरचा रिवाज. ते वाळलं. चिंधीने वरवरचं गेलं आणि खालचा पापुद्रा काळ्या पोलादावर, गाडीखालच्या अंधारात, दिसला नाही.

त्याने अजून न धुतलेली बाराची पाती मायक्रोमीटरमध्ये धरली. विश्वास बसेना म्हणून तीनदा धरली. साडेचौदा.

म्हणजे फटीत बाराची पाती अडली नव्हती, साडेचौदाची अडली होती. आणि दहाची म्हणून जी घट्ट गेली, ती बाराएवढी होती. म्हणजे फट बाराची असेल, तेराची असेल, चौदाचीही असेल. जी वस्तू मोजली असं वाटत होतं ती मोजलेलीच नव्हती, आणि तिच्यावर चौदा पोरं आणि एक उमा बसली होती.

"पुतळे!" तो ओरडला.

पुतळाबाई मागच्या खोलीतून आली. "आता काय झायलं?"

"तू पात्यांना कुंकू लावलंस ना, त्यानं..."

"तुमीच सांगलाव! मी त एकीलाच लावणार होते!"

"माहीत हाय मला!" तो जवळजवळ रडत म्हणाला. "शाळा कवा सुटते?"

"कुणाची?"

"पोरांची!"

"बारा वाजता सुटत असंल. पन आपली पोरां त कामाला लागली..."

तो तोवर रस्त्यावर होता. सकाळची खेप झाली असणार. काही झालं असतं तर कळलं असतं. की नसतं कळलं? आणि झालं नसेल, तर वॉशर अजून थोडा झिजला, आणि परतीच्या खेपेला फाटकाचा चढ पोरांना घेऊन चढायचाय.

तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा स्पेशल रिक्षात बसला. रिक्षाला तो भीत असे. तीन चाकं ही मुळातच एक कमी, असं त्याचं मत. "अंबरनाथ, शाळेवर. लवकर चल. लवकर!"

रिक्षावाल्याने गाडी अशी सोडली, की पहिल्याच वळणाला ती दोन चाकांवर आली.

"अरे हळू! हळू चालव!"

"काका, लवकर बोला ना तुम्ही?"

"लवकर चल, पण हळू चालव!"

"दोन्ही कसं जमेल? एक काहीतरी बोला."

हरिचंद्रने दांडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लवकर." हे एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते त्या रिक्षावाल्याला कधीच कळलं नाही. पुढची दहा मिनिटं त्याने एकदाही डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांपुढे फाटक होतं, रूळ होते, आणि रुळांवर ती व्हॅन उभी होती, आणि झाकणावर बसलेली उमा, जिला रूळ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, खिडकीतून हात हलवत होती.

शाळेसमोर व्हॅन उभी होती. इंजिन सुरू होतं. पोरं आत भरलेली, दप्तरं टपावर, आणि उमा झाकणावर मांडी घालून बिस्किट खात होती. त्यातल्या एका मुलीची आई, मुलीला ताप आला म्हणून न्यायला आलेल्या वृंदाताई, तेवढ्या मागच्या दारापाशी होत्या.

"हरिभाऊ! वा! गाडी कशी लोण्यासारखी चाललीय बघा!" चिंतामणराव स्टिअरिंगवरून ओरडले.

हरिचंद्र खिडकीशी गेला. 

"साहेब, गाडी नेऊ नका."

"का?"

"माप चुकलं. माझं. कुंकू होतं पातीवर. दोन-अडीच थाऊचा फरक पडलाय."

"दोन थाऊ?" चिंतामणराव असे हसायला लागले, की आतली चौदा पोरंही काही न कळता हसू लागली. "अहो, माझ्या डोक्यावरचा केस याच्यापेक्षा जाड असेल! आणि तो एकच राहिलाय! केसाएवढ्या फरकासाठी या पोरांना उन्हात चालवत नेऊ? सकाळी आली ना गाडी? आली. आता जाईल. चला, बाजूला व्हा!"

आणि त्यांनी गिअर टाकला.

हरिचंद्रने हात आत घातला, किल्ली फिरवली, काढली आणि खिशात टाकली. इंजिन बंद पडलं. पोरं गप्प झाली. चिंतामणरावांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"किल्ली द्या."

"नाय."

"हरिभाऊ, गाडी माझी आहे. किल्ली द्या म्हणतो!" आता तो कारखान्यातला शिफ्टचा आवाज होता. दोनशे कामगारांना हलवणारा.

हरिचंद्रने खिसा दोन्ही हातांनी धरला, जणू किल्ली उडी मारून जाईल.

"त्या दिवशी पण साहेब हसले होते," तो म्हणाला.

"कुठले साहेब? कुठल्या दिवशी?"

"पंपाच्या. सील बसवताना मी म्हटलं, मोजू का. ते हसले. मग मी पण हसलो साहेब. आणि सोमाचा हात भाजला. तुम्ही मला मारा, पण मी आज हसणार नाय."

चिंतामणराव चोवीस वर्षं केमिकलच्या कारखान्यात होते. पंप, सील आणि हात हे तीन शब्द कुठे एकत्र येतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वळून झाकणावरच्या उमाकडे पाहिलं. तिच्या फ्रॉकवर बिस्किटाचा भुगा पडला होता. मग त्यांनी तिला उचललं आणि खिडकीतून हरिचंद्रच्या हातात दिलं. त्या दिवसापर्यंत त्यांना कुणी पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं.

वृंदाताईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. "म्हणजे सकाळी आमची पोरं अशा गाडीतून आली?" त्या म्हणाल्या. "टिपणीसकाका, तुम्ही काल म्हणालात, गाडी नवी झाली!"

पोरं तीन रिक्षांत कोंबून बदलापूरला गेली. उमा रिक्षात भोकाड पसरून रडली, कारण रिक्षाला झाकण नव्हतं. रिकामी व्हॅन घेऊन दोघं कॅम्प चारला निघाले, बैलगाडीच्या चालीने. चिंतामणराव चालवत होते आणि हरिचंद्र झाकणाला कान लावून वाकून बसला होता.

"काही ऐकू येतं?" चिंतामणरावांनी हळूच विचारलं.

"माझ्या छातीचं येतं."

"मलापण माझ्या," चिंतामणराव म्हणाले.

गॅरेजात पोचल्यावर हरिचंद्रने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. टेकचंद दुकान सोडून आला. पुतळाबाईला हरिचंद्रने दारातच थांबायला सांगितलं, हात मागे बांधून. पात्या पेट्रोलने धुतल्या, कोऱ्या कापडाने पुसल्या, प्रत्येक पाती मायक्रोमीटरमध्ये घालून आकड्याशी ताडून पाहिली. मग पहार लावून शाफ्ट पुढे रेटला.

"दहा जाते," गाडीखालून आवाज आला.

"अकरा जाते."

चिंतामणराव उकिडवे बसले होते. त्यांनी न कळत टेकचंदचा हात धरला होता.

"बारा..." पाती पोलादावर घासल्याचा आवाज आला. "जाते. घट्ट."

"तेरा?" चिंतामणरावांनी विचारलं.

तेराची पाती तोंडाशीच अडली. हरिचंद्रने ती चारदा घालून पाहिली, दुसऱ्या बाजूने घालून पाहिली, शाफ्ट फिरवून घालून पाहिली. तेरा जात नव्हती.

तो गाडीखालून बाहेर आला आणि जमिनीवर बसला.

"बारा," तो म्हणाला.

"आणि पुस्तकात किती चालतात?"

"बारा."

"म्हणजे गाडी ठीकच होती?"

"ठीकच होती."

टेकचंद म्हणाला, "अरे देवा," आणि दुकानात परत गेला. चिंतामणराव हसतील असं हरिचंद्रला वाटलं आणि त्याने मान खाली घातली. ते हसले नाहीत. त्या शाफ्टकडे बघत म्हणाले, "तरीपण नवे वॉशर टाका."

हरिचंद्रने त्याच दिवशी नवे वॉशर टाकले.

वृंदाताईंनी दुसऱ्याच दिवशी आपल्या मुलीसाठी कायमची रिक्षा लावली, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चिंतामणरावांच्या गाडीत उमाला धरून तीन पोरं उरली होती. जानेवारीत त्यांनी ती खेप बंद केली आणि व्हॅन एका मंडपवाल्याला दिली. सील शेवटपर्यंत गळलं नाही. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात गाडीच्या तळाचा पत्रा गंजून रस्त्यात पडला आणि ती कॅम्प पाचमध्ये भंगारात गेली.